गजूसाठी मी आधीच रडून घेतलं होतं

दोन हजार चोवीस साल. गजू चौतीस वर्षांचा होता आणि मी त्र्याहत्तरचा. सोयाबीन सोंगून झालं होतं, वावरात गंजी लागली होती, आणि मी तिच्यावर ताडपत्री ओढत होतो तेव्हा फोन वाजला. बोरी अरबहून सुभाष बोलत होता, माझ्या बहिणीच्या शेजारचा. म्हणाला, "मामा, वाईट बातमी आहे. गजू गेला. तिकडं मोटारसायकलच्या रॅलीत पडला." मी त्याला विचारलं, "आता कोणाच्या डोक्यावर कावळा बसला?" तो मग हळू म्हणाला, "मामा, या वेळेस खरं आहे." मी फोन खिशात टाकला आणि ताडपत्रीचं एक टोक दगडाखाली दाबलं. मग दुसरं दाबलं. वारा नव्हता, पाऊस यायचा नव्हता, तरी सगळी टोकं नीट दाबली, मग घरी आलो, हातपाय धुतले आणि बायकोला म्हटलं, "बोरीला जायचं आहे." ती माझ्या तोंडाकडे पाहून मटकन बसली. मी उभाच होतो... मला काहीच झालं नाही. आजही झालेलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. हे मी वहीत लिहिलं आणि नातीनं नीट करून दिलं, बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवायला लावलं. गजू, म्हणजे गजानन, माझी धाकटी बहीण सुमन हिचा एकुलता एक. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला, तेव्हापासून तो अर्धा बोरीला आणि अर्धा दिग्रसजवळ माझ्या घरी वाढला. लोक म्हणतात, त्याच्या मयतीत मी जिद्दीनं रडलो नाही. लोकांचं मी मनावर घेत नाही, कधी घेतलं नाही. पण सुमनलाही तसंच वाटलं आणि तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. आईबाप गेल्यावर मला एक ती आणि तिला एक मी. तिचं बोलणं गेलं, तेव्हा माझं काय गेलं ते मलाच माहीत. म्हणून कावळ्याचं आधी सांगतो.

आमच्याकडे कोणाच्या डोक्याला कावळा शिवला तर ते वाईट समजतात. त्याला उतारा असा, की त्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाला तो मेल्याची खोटी बातमी द्यायची. ज्याला बातमी जाते त्याला खोटं आहे हे कळता कामा नये. त्यानं खरं रडलं पाहिजे. तो रडला की मरण फसतं, त्याला वाटतं इथलं काम झालं, आणि ते पुढच्या घरी जातं. मागच्या हिवाळ्यात गजू परदेशी निघायच्या आधी आईकडे आला होता. अंगणात उघड्या डोक्यानं मोटारसायकलची चेन ताणत होता आणि कावळ्यानं त्याच्या डोक्यात पंजा मारला. सुमनच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सुभाषला पकडलं आणि त्यानं मला फोन लावला, "मामा, गजूची गाडी पुलावरून खाली गेली. काही उरलं नाही."

मी दिग्रसच्या स्टँडवर कसा आलो, आठवत नाही. दारव्ह्यापर्यंत गाडीत रडलो. दारव्ह्याला गाडी बदलली, तिथून बोरीपर्यंत रडलो. माझं रडणं पाहून शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाया रडायला लागल्या. बोरीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा डोक्यावरचं उपरणं कुठं पडलं तेही कळलं नाही. "माझा गजू, माझा गजू" करत भर रस्त्यानं गेलो, मागं लोक जमले, आणि घरापुढे येऊन पाहतो तर गजू ओट्यावर बसून पोहे खातो आहे. तेही हेल्मेट घालून! आईनं शपथ घातली होती, मामा येईपर्यंत डोकं उघडं ठेवायचं नाही. त्या रॅलीच्या हेल्मेटला पुढं बैलाच्या जबड्यासारखा जबडा असतो, त्याच्या फटीतून तो चमचा आत घालत होता आणि निम्मे पोहे हनुवटीत सांडत होते.

"मामा, बसा न," तो आतून म्हणाला. "मी जिताच हावो. चहा घेता का?"

सगळी आळी हसली. सुभाष तर कुडाला धरून हसत होता. सुमन रडतही होती, हसतही होती, म्हणत होती, "रागावू नको दादा, तुझ्याशिवाय कोण रडलं असतं एवढं?"

"मायी फजिती करता काय बे?" मी ओरडलो. "मले म्हाताऱ्याले रस्त्यानं रडवत आणलं?"

"मामा, आता मी सौ साल जगतो. तुमी एक नंबर रडले. सुभाष म्हणे, स्टँडवरून आवाज येऊन राह्यला होता."

मला राग आवरला नाही. पटात माझी जोडी हरली तरी मी कोणासमोर मान खाली घातली नव्हती, आणि इथं मी रस्त्यानं नाक गळत आलो होतो. मी म्हटलं, "लिहून ठेवा सगळे. आता हा खरंच मेला तरी माझ्या डोळ्यातून टिपूस निघणार नाही." सुमननं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. बोललो ते बोललो. गजू मात्र हेल्मेट काढून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मंजूर आहे मामा. पण रडायचा कोटा संपला म्हणून माझ्या लग्नात नाचणं टाळू नका." ते लग्न त्यानं कधी केलंच नाही.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. मी धुरकरी होतो, जोडी हाकायचो, आमच्या पंचक्रोशीत माझं नाव होतं आणि अजून आहे. गजूला वेगाचं वेड माझ्याकडून लागलं असं सुमन म्हणते. लागलं असेल. आयटीआय झाल्यावर तो नागपूरला गॅरेजात लागला, तिथून मातीतल्या मोटारसायकल शर्यतीत उतरला, मग पुण्याच्या एका टीमनं त्याला घेतलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा तो सगळ्या हंगामाला परदेशी निघाला. पाच रॅल्या, वेगवेगळ्या देशांत, जानेवारीपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत. मोटारसायकली सकाळी आधी सोडतात, मोटारी मागून. रस्ता नाहीच, वाळू, गोटे, नाले. रोज शेकडो किलोमीटर, संध्याकाळी तंबू. लोक मला पानठेल्यावर विचारायचे, "मामा, भाचा काय करते?" मी सांगायचो, "धावते." "कुठं?" "जिथं रस्ता नसते तिथं."

निघताना तो मला म्हणाला होता, "मामा, पहिल्या दहात मी येत नाही. ते लोक वेगळेच आहेत. पण पाचही पूर्ण करतो. एकही अर्धी सोडत नाही." आमच्याकडून एवढ्या लांब कोणी गेलेलं नव्हतं, आणि टीमनं पुढच्या वर्षाचं त्याच्यावरच ठेवलं होतं, पाचही पूर्ण केल्या तर पुढं घेऊ, नाही तर परत गॅरेज. म्हणून त्याला पाचाची ओढ होती. ती मला लगेच समजली. नंबर कोणाचाही येतो, अर्ध्यात बैल सोडणाऱ्या धुरकऱ्याला मात्र पुन्हा कोणी बोलावत नाही.

पहिली सौदीतल्या वाळूत. तंबूतून फोन करायचा, मागं जनरेटरचा आवाज. मी विचारायचो, "रस्ता पाहून घेतला का आदल्या दिवशी?" कारण आम्ही पटाच्या आदल्या दिवशी अनवाणी पायांनी सगळी धाव चालून घेतो, कुठं भुसभुशीत आहे, कुठं खडा आहे. तो म्हणायचा, "मामा, इथं पाहूच देत नाहीत. सकाळी कागद देतात. त्याच्यावर बाण असते, नाल्याचं चित्र असते. धोका असला तर उद्गारचिन्ह. तीन असले का जिवाचा धोका."

"न पाहता धावायचं? हा कोणता धंदा?"

"तेच तर खरं धावणं आहे मामा. पाहून तर बैलही धावते."

"बैलाले नाव ठेवू नको."

आणखी एका गोष्टीवरून आमचं भांडण झालं. मागून सुटलेल्या मोटारी मोटारसायकलींना गाठतात, तेव्हा गाडीवरच्या मशीनमध्ये पीं पीं वाजतं आणि मोटारसायकलवाल्यानं बाजूला व्हायचं. मला ते पटेना. "तू आधी निघाला ना? मग बाजूला कायले व्हायचं?" तो म्हणाला, "मग काय मोटार अंगावर घेऊ? धुळीत तिले मी दिसतो का?" मी म्हटलं, "माझ्या जोडीनं कधी कोणाले बाजू नाही देल्ली." तो खूप वेळ हसत राहिला. म्हणाला, "मामा, तुम्हाले इथं आणलं तर पहिल्याच दिवशी रॅली बंद पडन." ती रॅली त्यानं पूर्ण केली, पार मागं राहून, पण पूर्ण.

दुसरीत ऊन भयंकर होतं. तिथं त्याच्या पुढचा एक गोरा पोट्टा पडला, पाय मोडला, आणि गजू त्याच्याजवळ थांबला. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याच्यावर आपल्या जॅकेटची सावली धरून बसला. थांबल्याचा वेळ नंतर परत देतात म्हणे. मी विचारलं, "तो जिता आहे ना?" "जिता आहे." "मग झालं." तिसरीत पाऊस पडला आणि काळा चिखल झाला. त्या दिवशी त्याचा आवाज वेगळाच होता. "मामा, आपल्या वावरासारखी माती! चाकाले गोळे. ते मोठमोठे लोक ब्रेक दाबू दाबू पडून राह्यले. मी सोयाबीनच्या दिवसात बोरीचा पांदण रस्ता काढला आहे, मले काय होते?" त्या दिवशी तो बराच पुढं आला होता. मी पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं. सांगायचंच होतं.

चौथीच्या शेवटच्या दिवशी त्याचं मनगट मोडलं. तसाच पोहोचला. प्लास्टर घालून बोरीला आला आणि पावसाळाभर राहिला. सुमननं त्याला हातानं भरवलं, आणि मला म्हणाली, "दादा, त्याले सांग. पाचवीले जाऊ नको म्हणा. तुयंच ऐकते तो." मी त्याला सांगितलं. खरंच सांगितलं. म्हटलं, "गजू, चार झाल्या, पुष्कळ झालं." तो प्लास्टरच्या हातानं बैलाची पाठ खाजवत होता. म्हणाला, "मामा, शेवटच्या पटाले तुमी जोडी घरी ठेवली का कधी?" कधीच ठेवली नव्हती. डॉक्टरनं हात पाहिला, चालेल म्हटलं, आणि तो गेला.

पाचवी आफ्रिकेत होती. रॅली संपायला दोन दिवस राहिले होते. एका कोरड्या नदीच्या काठावर गाडी उलटली. कोणाची चूक नव्हती, टीमच्या माणसानं मला फोनवर सगळं सांगितलं आणि मीही खोदून खोदून विचारलं. मागून येणारा दुसऱ्या देशाचा एक पोरगा थांबला होता. त्यानं गजूचा हात धरून ठेवला होता, डॉक्टर येईपर्यंत आणि आल्यावरही. मी त्याचं नाव विचारलं. टीमच्या माणसानं सांगितलं, मी म्हणून पाहिलं, मला जमलं नाही. एवढंच म्हटलं, "त्याले सांगा, बोरीले ये म्हणा."

गजू नागपूरला विमानानं आला आणि तिथून गाडीनं बोरीला. ओट्यावर ठेवला. मी चेहरा पाहिला. दाढी वाढली होती, कपाळावर हेल्मेटची खूण होती. मला वाटलं, आता येईल... घशात काहीतरी येईल. आलं नाही. पंख्याचा आवाज येत होता, कुट कुट कुट, आणि मी विचार करत होतो की याचं बेअरिंग गेलं आहे, बदलायला पाहिजे. सगळी आळी माझ्याकडे पाहत होती. तीच आळी, तोच ओटा. सुमन माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे भावाच्या गळ्यात पडूनच बहीण खरी रडते, तोवर ती धरून असते. ती रडली, माझी बंडी तिच्या डोळ्यांनी भिजली, आणि मी काठीसारखा उभा. मग तिला ते कळलं. तिनं मान वर करून माझे डोळे पाहिले. हातानं चाचपले, बोटं फिरवली. कोरडे.

"दादा, रड न. आता तरी रड रे."

मी म्हटलं, "येत नाई, सुमे."

"जिद्दी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही म्हणाली. "मेल्या पोराशीही जिद्द."

तिथून ती माझ्याशी बोलली नाही. मी तेरवीपर्यंत तिथंच राहिलो. लाकडं आणली, मांडव घातला, पंगतीला वाढलं, पंख्याचं बेअरिंगही बदलून आणलं. कोणी दिलं ते खाल्लं, आणि पोटभर खाल्लं, तेही लोकांनी पाहिलं. बाया कुजबुजत होत्या, "बोलला तसा वागला." काही म्हाताऱ्यांना तर कौतुक वाटलं, काय शब्दाचा पक्का माणूस! मला त्या कौतुकाची शिसारी आली. माझा शब्द एवढा जड असता, की डोळ्याचं पाणी थांबवेल, तर मी तोच शब्द नदीच्या काठाला घातला नसता का? जिद्द माझ्यात आहे, मी ती नाकारत नाही. पण ही जिद्द नव्हती. जिद्द असली की छातीत आग असते, मला ठाऊक आहे, मी तिच्यावरच जगलो. इथं आग नव्हती. राखही नव्हती. दिग्रस ते बोरी मी त्याच्यासाठी एकदा रडत आलो होतो, सगळं रडलो होतो, मागं काही ठेवलं नव्हतं. ते खोट्या बातमीवर खर्च झालं. हे सुमनला सांगायला गेलो की ती उठून चुलीकडे जायची.

घरी आलो. कापूस वेचायला आला, तो वेचून घेतला. चहात साखर नसली तरी मला कळेना. बायको म्हणाली म्हणून दिग्रसला डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "मामा, मोकळं रडून घ्या." मी म्हटलं, "त्याचं औषध असलं तर द्या, नाहीतर हातपाय दुखते त्याचं द्या." त्यानं हातपायाचं दिलं. दर रविवारी मी सुमनला फोन लावायचो. वाजायचा. उचलायची नाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा लावायचो.

मग मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला. मधे काहीच झालं नाही अशी बोलली, पण आवाज बारीक होता. "दादा, त्याची पेटी आली तिकडून. मले एकटीनं उघडवत नाई."

मी गेलो. लोखंडी पेटी होती, ओट्यावर ठेवलेली. ती कडेला बसली, मी कडी काढली. वर त्याचं जॅकेट, कोपरावर शिवलेलं. बूट, त्यांच्यात पांढरी वाळू. हातमोजे कडक झालेले, मुठीसारखे वळलेले. गाडीचे पाने, टेप, मोज्यांच्या जोड्या. मी एकेक काढत होतो, ती मांडीवर घेऊन घडी करत होती. अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, एक स्टीलचा डबा निघाला. झाकणावर टोचून नाव घातलेलं, सुमनचं. जाताना तिनं त्यात जवसाची चटणी भरून दिली होती.

हातात घेतला तर जड लागला. मी झाकण उघडलं. आत खजूर. नीट रचलेले, एकावर एक, काठापर्यंत, वर प्लास्टिकचा कागद. चटणीचा डबा घासून पुसून, वास घालवून, त्यात त्यानं खजूर भरले होते. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर टाका, चार शेंगा टाका, पण रिकामा देत नाहीत. आईचाच डबा, तरी त्यानं भरला होता. घरी यायच्या तयारीनं भरून टॉवेलात बांधून ठेवला होता, रॅली अजून संपायची होती तरी.

सुमननं डब्यात पाहिलं. मला वाटलं, आता ती मोडेल. ती रडली नाही. एक खजूर काढला, माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. आम्ही खाल्ले. गोड होते. ते मात्र मला कळलं.

"दादा," ती म्हणाली, "खरंच येत नाई का तुले?"

"नाई येत, सुमे."

"मलेही येत नाई आता. चार दिवस झाले. काल बसून पाह्यलं. नाई आलं." तिनं बी पदराच्या टोकात बांधलं. "मले वाटे, माझंच काही बिघडलं."

"नाई. असं होते."

"तुले तवापासूनच असं आहे का?"

"तवापासूनच."

ती उठली. मला वाटलं, पुन्हा चुलीकडे चालली. पण तिनं आतून ताट आणलं, निम्मे खजूर त्यात काढले, आणि उरलेल्या खजुरांसकट तो डबा झाकण लावून माझ्या पिशवीत घातला. मी म्हटलं, "डबा राहू दे. त्याचा हात लागलेला आहे. खजूर कागदात दे." ती म्हणाली, "काहून? डबाच ने. अन् आणून दे परत." स्टँडपर्यंत ती माझ्यासोबत चालत आली. गाडी सुटताना खिडकीखाली उभी राहून पुन्हा म्हणाली, "आणून देजो दादा. लवकर."

घरी आल्यावर खजूर सगळ्यांना वाटले. बायकोनं डबा घासला आणि पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेलो. तुरीला शेंगा भरल्या आहेत, दंवानं ओल्या होत्या, तोडताना बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. भरल्या भरल्या पाहून तोडल्या आणि डब्यात दाबून भरल्या. झाकण बसेना. वरच्या थोड्या काढून खिशात टाकल्या, झाकण बसवलं, आणि तसाच वावरातून स्टँडवर जाऊन बोरीकडची गाडी धरली.